पलंगामागची भिंत

माझ्या बहिणीची मुलगी घराची भिंत खाते, हे आम्हाला पलंग हलवला त्या दिवशी कळलं.

जत्रेला अजून काही महिने होते, पण आम्ही तिच्या तयारीला लागलो होतो. बाहेर अवेळी भुरभुर सुरू झाली आणि वाळत घातलेल्या वड्यांचे ट्रे घरात आणावे लागले. जागा करायला म्हणून बेनिल्दाताईने आणि मी पलंग भिंतीपासून ओढला. मागे जमिनीपासून हातभर उंचीवर एका पपईएवढा खड्डा होता. वरचा गिलावा पूर्ण गेलेला, आतल्या कच्च्या विटाही कोरलेल्या, आणि कडा अशा गुळगुळीत की कुणी चमचा फिरवून कुल्फी खाल्ली असावी.

"उंदीर!" ताई म्हणाली.

मकारियो, म्हणजे माझे दाजी, वाकून बघत राहिले. "उंदराला एवढं सुबक काम जमत नाही," ते म्हणाले.

क्लोती दारात उभी होती. वय वर्षं चार. तिच्या वरच्या ओठावर विटकरी मिशी होती, आणि ती जिभेने हळूच पुसून घेत होती.

ताईने कपाळावर हात मारला. "माती खाते ही कार्टी! माती! कुणाच्या पोटी आलीस गं?"

ताईच्या कपाळावर मातीचा पंजा उमटला, कारण तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या मातीने भरलेले होते. आमचं पोटच त्या मातीवर चालतं. दाजी टेकडीवरून ती खणून आणतात, ताई ती भिजवते, फडक्यातून गाळते, मळते. मी साच्यात दाबून तिच्या वड्या पाडते. वडीवर संत रुफिनाचा चेहरा उठतो. मग त्या उन्हात वाळतात, फादर लेओन्सियो त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसून त्या विकतो. सीमेपलीकडच्या होंडुरासहून, साल्वादोरहून लोक येतात. गरोदर बायका त्या खातात, पोटात जळजळणारे पुरुष खातात, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही ते पुढे काही होऊ नये म्हणून खातात. आमच्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही.

मी ट्रेमधल्या वड्यांकडे पाहिलं, भिंतीतल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. धाकट्या बहिणीने, तेही बिनलग्नाच्या, बहिणीच्या घरात राहून जितकं बोलावं तितकंच मी बोलते.

दुसऱ्या दिवसापासून उपाय सुरू झाले. आधी रागावून झालं, मग चापट मारून झाली. मग ताईने लाल मिरची वाटून भिंतीला लावली. क्लोती दोन्ही डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गाळत, हुंदके देत भिंत खात बसलेली मला सापडली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मावशी, आज भिंतीला तिखट नाही लावलं?"

मग कुणीतरी बैलाचं पित्त सांगितलं. त्याच्या वासाने फक्त आम्हालाच त्या खोलीत झोपवेना. मग पलंग पुन्हा भिंतीला चिकटवून त्याखाली पेट्या कोंबल्या, तर पोरीने चुलीमागचा कोपरा शोधून काढला. दाजी बिचारे दर रविवारी चिखल कालवून खड्डे लिंपायचे. ओल्या मातीचा तो ताजा थर सोमवारपर्यंत नाहीसा झालेला असायचा. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "दाजी, तुम्ही भिंत लिंपताय की पोरीला जेवण वाढताय?"

शेवटी ताई हरली आणि तडजोडीवर आली. एक छानशी, चेहरा स्वच्छ उठलेली वडी तिने क्लोतीच्या हातात दिली. "खायचीच असेल ना, तर निदान आशीर्वादाची खा."

क्लोतीने एक तुकडा तोडला, चावला, आणि अंगणात थुंकला. "ही नको. हिला वासच नाही."

"वास नाही? अगं, ती माती आठ वेळा गाळलेली असते!"

"म्हणूनच," क्लोती म्हणाली, आणि चुलीमागे गेली.

ताईचं तोंड एवढंसं झालं. पोरगी भिंत खाते याचं दुःख वेगळं. पोरगी आपल्या हातची वडी सोडून भिंत खाते, हे दुःख कारागिराचं होतं.

असल्या गोष्टी गावात किती दिवस लपणार? पायऱ्यांवर आमच्या शेजारी दोन्या प्रिस्का, म्हणजे प्रिस्काबाई, बसते. तीही वड्याच विकते. तिच्या साच्यातली संत रुफिना जरा तिरळी दिसते. एका सकाळी तिने आपली टोपली मांडली आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं बेनिल्दा, पोरगी भिंत खाते म्हणे? घरातल्या मक्याच्या तोर्तिया संपल्या वाटतं!"

"तोर्तिया आहेत हो," ताई म्हणाली. "तुमची वडी एकदा चाखली तिने. तेव्हापासून म्हणते, यापेक्षा भिंत बरी."

गिऱ्हाइकं हसली. ताईही हसली. पण घरी आल्यावर तिने क्लोतीला त्या दिवशी फारच मारलं. दाजींनी मध्ये पडून हात धरला तेव्हा थांबली, आणि मग स्वतःच पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. तिचे खांदे हलत होते. रडत असेल, असं मला वाटलं.

पोरगी मात्र दिवसेंदिवस उतरत चालली होती. आम्ही रोज बघतो म्हणून आम्हाला ते दिसलं नाही. बाकीची मुलं पायऱ्यांवर पळापळी करायची; ही खालच्या पायरीवर बसून राहायची आणि दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची. ओठ आमच्या वड्यांसारखे पांढरे पडले होते. "शहाणी झाली हो," ताई म्हणायची, "आता धावत नाही, पडत नाही." आणि मग मिरवणुकीच्या तालमीच्या दिवशी, भर दुपारी, मुलांच्या रांगेत उभ्या-उभ्या ती खाली कोसळली.

दाजींनी तिला उचलली आणि आरोग्य केंद्राकडे धावले. केंद्र चर्चच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे. तिथे तोवर आम्ही कधी गेलो नव्हतो. औषधं विकणारी माणसं आम्हीच, आम्ही कुठे जाणार?

नर्स यादिरा वयाने माझ्यापेक्षाही लहान होती. तिने क्लोतीची खालची पापणी ओढून पाहिली, बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब एका छोट्या यंत्राला पाजला.

"आठ," ती म्हणाली. "निदान अकरा तरी हवं. हिचं रक्त म्हणजे नुसतं पाणी झालंय. मुलगी माती खाते का?"

ताईने झग्याला हात पुसले. "नाही हो नर्सबाई. आमच्या घरात असलं काही चालत नाही."

क्लोतीने टेबलावर पडल्या-पडल्या डोळे उघडले. "माती नाही," ती क्षीण आवाजात म्हणाली, "भिंत."

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. यादिरा हसली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने ताईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग तिच्या नखांकडे.

"आणि ताई, तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही खाता का?"

"मी माती कशाला खाईन?"

"वड्या?"

"वड्या म्हणजे माती नव्हे," ताई तोऱ्यात म्हणाली. "फादर त्यांच्यावर पाणी शिंपडतात."

"बरं. वड्या खाता का?"

"तुटलेल्या तेवढ्या. वाया जाऊ नयेत म्हणून."

"रोज किती तुटतात?"

ताई पुन्हा हात पुसायला लागली. किती तुटतात ते मला माहीत होतं, कारण वर्षभर ते सगळं माझ्या माथी मारलं जात होतं. मी नीट दाबत नाही म्हणून तुटतात, असं ताई म्हणायची. ऊन कडक आहे म्हणून तुटतात, असं दाजी म्हणायचे. दोनदा आम्ही साचा बदलला होता. आणि आता मला आठवायला लागलं, की मी मागच्या अंगणात असताना वाळवणाच्या बाजूने कट्, कट् असा बारीक आवाज यायचा. वाळलेली वडी आपसूक तडकते तेव्हा तसा आवाज येत नाही. दोन बोटांनी मोडली की येतो.

"बोट द्या," यादिरा म्हणाली.

ताईने बोट दिलं. यंत्राने बराच वेळ घेतला, निदान मला तसं वाटलं. यादिराने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"साडेसात. तुम्ही उभ्या कशा आहात, हेच मला कळत नाही."

मग तिने समजावून सांगितलं. रक्तात लोह कमी पडलं की काही माणसांना असली ओढ लागते. कुणाला माती, कुणाला कोळसा, कुणाला कच्चे तांदूळ, आणि मुलांना तर काहीही. आणि पोटात गेलेली माती जेवणातलं होतं-नव्हतं ते लोहही धरून ठेवते. मग रक्त आणखी उतरतं आणि ओढ आणखी वाढते. शिवाय भिंतीच्या मातीतून जंत येतात ते वेगळेच. तिने जंताची गोळी दिली, दोघींना लोहाचं औषध दिलं. काळा घेवडा खा, आठवड्यातून दोनदा काळीज खा, वर लिंबू पिळा. आणि जेवणाबरोबर कॉफी बंद.

"चार वर्षांच्या मुलीला कॉफी कोण देतं?" तिने विचारलं.

"सगळेच," दाजी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द.

घरी आलो. क्लोतीला झोपवलं. ताई पाण्याच्या टाकीपाशी कपडे घेऊन बसली, पण धूत काही नव्हती. मी शेजारी जाऊन बसले.

"ही पोटात होती तेव्हा सुरू झालं," ती म्हणाली. "आधी एखादी. सगळ्याच बायका खातात. मग हिचा जन्म झाला आणि ते सुटलंच नाही. सकाळी डोळा उघडला की तोंडात तीच चव हवी. आणि हल्ली हल्ली तर वड्यांनी भागायचंच नाही. तुझे दाजी भिंत लिंपायचे ना, त्या ओल्या मातीचा वास यायचा मला, त्रान्सितो. मला पोरीचा हेवा वाटायचा."

मी तिच्याजवळ सरकले.

"त्या प्रिस्काच्या बोलण्याचा राग आला म्हणून नव्हतं मारलं मी तिला. मारताना तिच्या तोंडाला वास येत होता. तिने खाल्ली होती, आणि मला खायची होती. आणि मी इथे येऊन…" तिने टाकीच्या मागच्या कच्च्या भिंतीकडे बोट केलं. तिथे, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, गिलावा खरवडलेला होता.

मला तिला खूप काही बोलायचं होतं. तुटक्या वड्यांवरून वर्षभर ऐकून घेतलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचे हात आमच्या आईच्याच हातांसारखे दिसत होते, फिकट आणि सालं निघालेले. आईनेही जन्मभर "तुटलेल्या तेवढ्याच" खाल्ल्या होत्या, आणि चौथ्या बाळंतपणात ती गेली. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. मी कपडे ओढून घेतले आणि धुवायला लागले.

औषध सुरू झालं. तिसऱ्याच दिवशी ताई परसातून किंचाळत आली. "त्रान्सितो, अगं पोरीला काळं होतंय! डांबरासारखं! खाल्लेली भिंत बाहेर पडायला लागली!" मी रस्ता ओलांडून यादिराला विचारून आले. लोहाच्या औषधाने तसंच होतं, म्हणाली. "भिंत काळी होती का तुमची?" असंही तिने विचारलं. ताईने स्वतःचं काय होतंय ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

काळीज रांधायचं काम दाजींनी अंगावर घेतलं. कांदा घालून परतायचे, वर लिंबू पिळायचे, आणि मग चिवटपणे समोर बसून राहायचे. क्लोती म्हणायची, "ह्यापेक्षा भिंत मऊ होती." पण खायची. ताईही खायची. दोघी एकाच बाकावर बसून, एकच तोंड करून, एकमेकींकडे चोरून बघत घास गिळायच्या. आपली आईसुद्धा औषध घेते, याची क्लोतीला फार मजा वाटायची. "आई, तू कुठली भिंत खाल्लीस?" तिने एकदा विचारलं. ताईने खरं ते सांगितलं. मग क्लोती टाकीमागे जाऊन ती जागा नीट बघून आली, आणि जाणकार माणसासारखी म्हणाली, "इथली चांगली नाही. साबणाची चव येते."

दोन महिन्यांनी मुलगी धावायला लागली. ओठांना रंग आला. दाजींनी सिमेंट आणून पलंगामागचा खड्डा बुजवला, तोवर तिला त्या भिंतीची आठवणही राहिली नव्हती. ताईचीही ओढ गेली, पण त्यातून वेगळाच घोटाळा झाला. माती नीट गाळली गेली की नाही, हे ताई पहिल्यापासून चिमूटभर दाताखाली धरून बघायची. कचकच लागली की पुन्हा गाळायची. आता चिमूट तोंडात घेतली की तिला उमासे यायचे. "ई! हे लोक कसं खातात गं?" ती मला म्हणाली, पूर्ण गंभीरपणे.

मग जत्रा आली. पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. क्लोती आमच्या टोपलीशेजारी बसली होती. यादिराकडे जाऊन-येऊन ती आता तिची लाडकी झाली होती, आणि यादिरा जे शिकवेल ते ती घरी येऊन आम्हाला ऐकवायची. होंडुरासची एक बाई आली, सात महिन्यांची गरोदर, चेहरा कागदासारखा. तिने वड्यांची एक पुडी घेतली आणि तिथेच उघडून एक वडी तोंडाशी नेली.

"खाऊ नका," क्लोती खणखणीत आवाजात म्हणाली. "ती माती आहे. पोटात जंत होतात. माझी आई पण खायची, भिंत पण खायची. आता औषध घेते."

आजूबाजूची वीस-पंचवीस माणसं वळून बघायला लागली. दोन्या प्रिस्काच्या चेहऱ्यावर तर नाताळ उगवला. "ऐका हो, ऐका!" ती म्हणाली. "लेकराच्या तोंडून देव बोलतो!"

क्लोती तिच्याकडे वळली. "तुमच्या पण मातीच्याच आहेत."

देवाचं एवढं बोलणं प्रिस्काला पुरे झालं.

मी ताईकडे पाहिलं. आता पायऱ्यांवर सगळ्यांदेखत पोरीच्या गालावर आवाज निघणार, अशी माझी खात्रीच झाली होती. ताई उठली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि लाल होण्याइतकं रक्त तिच्या अंगात आलंय, हे त्याही क्षणी माझ्या लक्षात आलं.

"खरं सांगतेय ती," ताई त्या बाईला म्हणाली. "मातीच आहे. घरी न्या, संताच्या तसबिरीपाशी ठेवा. पण पोटात घालू नका. आणि आधी समोरच्या केंद्रात जाऊन बोट टोचून घ्या. तुमचे ओठ बघून सांगते मी. मीही अशीच होते."

त्या बाईने ताईकडे एकटक पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत एवढं खरं बोलणारी पहिलीच भेटली," ती म्हणाली. "तुमच्या हातच्या वड्यांत खोट नसणार. आणखी दोन पुड्या द्या." आणि हातातली वडी तिने कट् करून मोडली आणि खाल्ली.

मागची माणसं पुढे सरकली. ही खरं बोलणारी बाई कोण, म्हणून वरच्या पायऱ्यांवरचेही उतरून आले. ताई प्रत्येकाला सांगत होती, माती आहे, खाऊ नका. आणि प्रत्येक जण मान डोलावून पुडी घेत होता. दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी झाली. प्रिस्काच्या वड्या तशाच पडून राहिल्या. शेवटी तिनेही सुरुवात केली, "माझ्याही मातीच्याच आहेत हो!" पण तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

क्लोती मात्र संतापाने रडत होती. "मी सांगितलं ना! मी सांगितलं ना माती आहे म्हणून! का खातात?" ताईने तिला मांडीवर घेतलं. ती नुसती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात यादिरा रस्ता ओलांडून तरातरा आली. "ताई, ह्या बायका तुम्ही पाठवल्यात? माझ्या दारात रांग लागलीय! अर्ध्याजणींच्या तोंडात वडी आहे आणि बोट पुढे केलंय!"

"हो, मी पाठवल्या," ताई म्हणाली.

"सुया संपत आल्यात माझ्या."

"मग आणखी मागवा," ताई म्हणाली. "उद्या जास्त येतील."

यादिरा कपाळाला हात लावून परत निघाली. मग जाता-जाता वळून तिने क्लोतीला हाक मारली, "चल गं, मला मदतीला चल!" क्लोती नाक पुसत तिच्यामागे धावत गेली.

पुढच्या जत्रेला ती होंडुरासची बाई पुन्हा आली. कडेवर गुबगुबीत बाळ होतं. तिने ताईचे दोन्ही हात धरले. केंद्रातल्या गोळ्या तिने शेवटपर्यंत घेतल्या होत्या, काळीज खाल्लं होतं, आणि वड्याही खाल्ल्या होत्या. बाळंतपण सुखाचं झालं.

"हे सगळं कशामुळे झालं, सांगू?" ती म्हणाली.

"कशामुळे?" ताईने आशेने विचारलं.

"वडीमुळे! आणखी कशामुळे!"

ताईने एक मोठा श्वास घेतला आणि कागदात वड्या गुंडाळायला लागली. क्लोती उठून त्या बाळापाशी गेली. दोन बोटांनी त्याची खालची पापणी अलगद खाली ओढून तिने आत नीट निरखून पाहिलं.

"ह्याचं रक्त चांगलं आहे," ती म्हणाली, आणि पायऱ्या दोन-दोन करत वर पळाली.